विश्लेषण : आठ मांजरांच्या ‘त्या’ चित्रांमागे काय दडले आहे?

मांजरांच्या आठ चित्रांची एक पट्टी समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असते. पहिले मांजर साधे, गोल डोळ्यांचे, घरात पाळलेले वाटावे असे. पुढच्या चित्रात त्याचे केस ताठ होतात, डोळे विस्फारतात. मग अंगाभोवती ठिणग्यांसारख्या रेषा येतात आणि शेवटी मांजर उरतच नाही, उरते ती नुसती रंगीबेरंगी नक्षी. स्किझोफ्रेनिया झालेल्या चित्रकाराचे मन कसे ढासळत गेले याचा हा पुरावा, असे सोबत लिहिलेले असते. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही ही चित्रे याच क्रमाने छापली गेली. चित्रे खरी आहेत, ती काढणारे लुई वेनही खरे आणि त्यांचे आजारपणही खरे. पण चित्रांचा हा क्रम त्यांनी लावलेला नाही.

कोण होते लुई वेन?

लुई वेन यांचा जन्म ५ ऑगस्ट १८६० रोजी लंडनमधील क्लर्कनवेल भागात झाला. वडील कापडाच्या धंद्यातले. आई फ्रेंच वंशाची; ती गालिचे आणि चर्चमधील भरतकामाचे नमुने तयार करत असे. थोडक्यात, घरात कापड, धागे आणि वेलबुट्टी यांचा कायम वावर. ही बाब लक्षात ठेवायला हवी, पुढे तिचा संबंध येणार आहे. लुई यांचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. दहा वर्षांचे होईपर्यंत त्यांना शाळेत घालू नये, असा सल्ला डॉक्टरांनी दिला होता. पुढे ते वेस्ट लंडन स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि काही काळ तिथेच शिकवूही लागले.

१८८० मध्ये वडील गेले. लुई वीस वर्षांचे, पाठीवर पाच बहिणी आणि आई. या पाचपैकी एकाही बहिणीचे लग्न झाले नाही, त्यामुळे ही जबाबदारी जन्मभराची ठरली. शिक्षकाच्या पगारात भागेना म्हणून त्यांनी नोकरी सोडून नियतकालिकांसाठी चित्रे काढायला सुरुवात केली.

मांजरांआधी काय काढत होते?

कुत्री, गुरे, पक्षी आणि गावाकडच्या हवेल्या. पहिले छापून आलेले चित्र १८८१ मधले. झुडपावर बसलेले बुलफिंच पक्षी त्यांनी काढले होते. छापताना मात्र खाली रॉबिन पक्ष्याचे नाव पडले. कृषी प्रदर्शनांत बक्षीस मिळवणाऱ्या जनावरांची चित्रे काढण्याचे कामही त्यांच्याकडे असे. फोटो छापण्याचे तंत्र अजून नियतकालिकांत रुळले नव्हते, त्यामुळे असा चित्रकार प्रत्येक संपादकाला लागायचाच.

एका टप्प्यावर कुत्र्यांची व्यक्तिचित्रे काढून पोट भरावे, असा त्यांचा विचार होता. तो अगदीच वेडगळ नव्हता. पाळीव प्राण्यांच्या व्यक्तिचित्रांना तेव्हा इंग्लंडमध्ये मोठी प्रतिष्ठा होती. एडविन लँडसीर यांनी राणी व्हिक्टोरियाचा लाडका कुत्रा डॅश आणि प्रिन्स अल्बर्ट यांची ग्रेहाउंड जातीची कुत्री इऑस यांची चित्रे काढली होती आणि ती राजसंग्रहात गेली. राजघराण्याने केले की श्रीमंतांना करावेसे वाटते. पण या धंद्याला मर्यादा आहे. एक गिऱ्हाईक, एक चित्र, एकदाच पैसे. पुढचे चित्र मिळेपर्यंत हात रिकामा.

पीटर नावाचे मांजर कुठून आले?

१८८४ मध्ये वेन यांनी एमिली रिचर्डसन यांच्याशी लग्न केले. एमिली त्यांच्या बहिणींना शिकवायला घरी येत. वयाने दहा वर्षांनी मोठ्या आणि वर घरच्या नोकरीतल्या, त्यामुळे नातेवाईकांना हे लग्न पसंत पडले नाही. थोड्याच काळात एमिली यांना स्तनाचा कर्करोग झाला. या दोघांनी आसरा दिलेले पीटर नावाचे काळे-पांढरे मांजर होते. पत्नीचे मन रमावे म्हणून वेन त्याला चष्मा लावून वाचायचे सोंग करायला शिकवत आणि तिच्या उशाशी बसून त्याची चित्रे काढत. ही चित्रे छापायला द्या, हा आग्रह एमिलीचा. मांजरांची चित्रे काढणारा म्हणून आपली ओळख व्हावी, असे वेन यांच्या स्वप्नातही नव्हते.

१८८६ च्या नाताळ अंकात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने त्यांचे मांजरांच्या नाताळ मेजवानीचे चित्र छापले. अकरा चौकटी आणि त्यांत दीडशे मांजरे. कुणी आमंत्रणे पाठवते आहे, कुणी भाषण ठोकते आहे. यातली बरीचशी पीटरसारखीच दिसतात. चित्र गाजले. जानेवारी १८८७ मध्ये, म्हणजे काही आठवड्यांतच, एमिली यांचे निधन झाले. आपल्या कारकिर्दीचा पाया पीटरने घातला, असे वेन पुढे सांगत राहिले.

मांजरे इतकी लोकप्रिय का झाली?

त्या काळच्या इंग्लंडमध्ये कुत्रा हा सोबती, तर मांजर म्हणजे बहुतेक घरांत उंदीर मारण्याची सोय. हे चित्र बदलायला नुकतीच सुरुवात झाली होती. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले, १८८७ मध्ये नॅशनल कॅट क्लब स्थापन झाला. वेन पुढे या क्लबचे अध्यक्षही झाले.

सुरुवातीची त्यांची मांजरे चार पायांवर चालत आणि अंगावर कपडा नसे. हळूहळू ती दोन पायांवर उभी राहिली, मग कोट-टोपी घालू लागली. पत्ते खेळणारी, गोल्फ खेळणारी, चहा पिता पिता चहाड्या करणारी. वेन हॉटेलात किंवा बागेत बसून आजूबाजूच्या माणसांचे रेखाटन करत आणि त्यांच्या जागी मांजरे ठेवत. लोक हसत होते ते स्वतःलाच, पण मांजराकडे बघून हसल्यामुळे कुणाला लागत नव्हते. १९०१ पासून ‘लुई वेन अॅन्युअल’ निघू लागले. १९०२ मध्ये ब्रिटनमध्ये पोस्टकार्डाच्या मागच्याच बाजूला पत्ता आणि मजकूर दोन्ही लिहायची परवानगी मिळाली, त्यामुळे पुढची पूर्ण बाजू चित्राला मोकळी झाली. वेन यांची मांजरे घराघरांत पोहोचली ती या पोस्टकार्डांवरून. लहान मुलांच्या सुमारे शंभर पुस्तकांतही त्यांची चित्रे आहेत.

मग पैसा गेला कुठे?

कहाणीतला सर्वांत बोचरा भाग हा आहे. वेन चित्र विकत तेव्हा त्यासोबत ते छापण्याचे सगळे हक्कही देऊन टाकत. एकदा पैसे घेतले की विषय संपला. प्रकाशक तेच चित्र पोस्टकार्डावर, पुस्तकात, पुन्हा दुसऱ्या पुस्तकात छापत राही आणि वेन यांना त्यातला छदामही मिळत नसे. मग पैसे हवेत म्हणून आणखी चित्रे, आणि चित्रे भरमसाट झाली की भाव आणखी खाली. देशातल्या सर्वांत ओळखीच्या चित्रकारांपैकी एक असूनही घरभाड्याची ओढाताण सुटली नाही.

व्यवहाराची समज कच्चीच होती, हेही मान्य करायला हवे. १९०७ मध्ये ते न्यू यॉर्कला गेले, हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांसाठी चित्रमालिका काढल्या आणि एका नव्या प्रकारच्या दिव्यात पैसे गुंतवून ते बुडवून आले. ते अमेरिकेत असतानाच आई गेली. १९१४ मध्ये त्यांनी चिनीमातीच्या मांजरांचे नमुने तयार केले. तेवढ्यात पहिले महायुद्ध आले. कागद महाग झाला, पोस्टकार्डांचा खप घसरला आणि मांजरांची हौस मागे पडली.

भारतात आज असे घडू शकते का?

मुंबई-पुण्यात आज अनेक चित्रकार फोटोवरून कुत्र्या-मांजरांची चित्रे काढून देतात. त्यातल्या बहुतेकांना एक तरतूद माहीत नसते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून व्यक्तिचित्र किंवा रंगचित्र काढले असेल आणि वेगळा करार झाला नसेल, तर त्याचा पहिला कॉपीराइट चित्र काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे गिऱ्हाइकाने ते चित्र उद्या उशांवर छापून विकले, तर चित्रकाराला सहसा पैसे मागता येणार नाहीत. या तरतुदीचे मूळ ब्रिटिशांच्या १९११ च्या कायद्यात आहे. गंमत म्हणजे खुद्द ब्रिटनने १९८८ च्या कायद्याने हा नियम बदलून हक्क चित्रकाराकडे दिला. आपल्याकडे तो कायम आहे.

यावर उपाय अवघड नाही. ‘वेगळा करार नसेल तर’ या शब्दांतच तो आहे. काम घेतानाच चित्र तुमचे, पण छपाईचे हक्क माझे, असे लेखी ठरवून दोघांनी मान्य केले तर कायदा तो करार धरून चालतो. हक्क विकायचेच असतील तर त्यासाठीही कलम १९ नुसार लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. शिवाय कलम ५७ प्रमाणे, हक्क दुसऱ्याकडे गेले तरी चित्र आपले आहे असे सांगण्याचा चित्रकाराचा अधिकार शिल्लक राहतो. वेन यांच्या चित्रांवरील कॉपीराइटची मुदत तर केव्हाच संपली. मग आणि फोनच्या कव्हरवर त्यांची मांजरे आज कुणीही छापू शकतो.

मनोरुग्णालयात कसे पोहोचले?

वेन यांचा स्वभाव हळूहळू संशयी होत गेला. सिनेमाच्या पडद्यावरील लुकलुकाटाने आपल्या बहिणींच्या मेंदूतली वीज शोषून घेतली, अशा समजुती घट्ट झाल्या. रात्री-अपरात्री ते रस्त्यावर भटकत, घरातले सामान सारखे इकडून तिकडे हलवत. बहिणींवर हात उगारण्यापर्यंत मजल गेली. अखेर जून १९२४ मध्ये त्यांना टूटिंगच्या स्प्रिंगफील्ड मनोरुग्णालयात, गरिबांसाठीच्या वॉर्डात दाखल करण्यात आले.

पुढच्या वर्षी रुग्णालय पाहायला आलेल्या डॅन रायडर या पुस्तकविक्रेत्याला एक म्हातारा मांजरे काढत बसलेला दिसला. चित्राच्या हातावरून त्याने तो लुई वेन असल्याचे ओळखले. बातमी फुटताच मदतनिधी सुरू झाला. लेखक एच. जी. वेल्स यांनी आवाहन केले, रॅमसे मॅकडोनाल्ड यांनी लक्ष घातले आणि वेन यांना बेथलेम रुग्णालयात हलवण्यात आले. १९३० मध्ये ते सेंट ऑल्बन्सजवळच्या नॅप्सबरी रुग्णालयात गेले. तिथे बाग होती आणि बागेत मांजरेही. ४ जुलै १९३९ रोजी त्यांचे निधन झाले.

आठ चित्रांचा क्रम कोणी लावला?

१९३९ मध्येच वॉल्टर मॅक्ले या मनोविकारतज्ज्ञाला लंडनच्या नॉटिंग हिलमधील एका दुकानात वेन यांची ही आठ चित्रे मिळाली. मानसिक आजार आणि चित्रकला यांच्या संबंधांवर मॅक्ले आणि एरिक गुटमन तेव्हा अभ्यास करत होते. मॅक्ले यांनी चित्रे मांडली ती साध्या मांजरापासून नक्षीपर्यंत. आजार वाढत गेला तसे मांजर विस्कटत गेले, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. अडचण एकच होती. एकाही चित्रावर तारीख नव्हती.

वेन यांचे चरित्रकार रॉडनी डेल यांनी नंतर हाच मुद्दा उचलला. वेन नक्षीचे प्रयोग करत होते तसे उतारवयातही नेहमीच्या धाटणीची मांजरे काढतच होते, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे पट्टीतले ‘पहिले’ मांजर ‘शेवटच्या’नंतरचेही असू शकते. त्यांना नेमका स्किझोफ्रेनियाच होता का, यावरही तज्ज्ञांत पुढे वाद झाले. आजार जसा बळावतो तसे हाताचे कसब ढासळते असे धरले, तर वेन यांची रेषा शेवटपर्यंत पक्की कशी, हा एक आक्षेप. काहींनी ऑटिझमच्या वर्णपटाकडे बोट दाखवले. हयात नसलेल्या माणसाचे निदान चित्रांवरून करायचे तर तेही तितकेच कच्चे, हे वेगळे सांगायला नको.

मग ती नक्षी आली कुठून?

इथे आई-वडिलांचा व्यवसाय आठवावा. पट्टीतल्या शेवटच्या चित्रांत मधोमध आरसा धरल्यासारखी जुळणारी वेलबुट्टी आहे, गालिच्यावर किंवा पडद्याच्या कापडावर असते तशी. वेन स्वतःही अशा कामाला भिंतीच्या कागदावरील नक्षीच्या जातीचे समजत. १९१४ ची चिनीमातीची मांजरेही पाहण्यासारखी आहेत: कोनाकोनांची, भडक रंगांची, क्यूबिस्ट धाटणीची, ‘फ्युचरिस्ट’ म्हणूनच विकली गेलेली. ती घडली तेव्हा वेन यांना रुग्णालयात जायला दहा वर्षे अवकाश होता.

बेथलेममध्ये असताना नाताळ आला की वॉर्डातल्या आरशांवर चित्रे काढण्याचे काम वेन करत. त्यांतले काही आरसे आजही बेथलेमच्या संग्रहालयात आहेत. त्यांवर ठिणग्या नाहीत की नक्षी नाही. नाताळची धमाल करणारी जुनीच गुबगुबीत मांजरे आहेत, १८८६ च्या अंकात होती तशी. मॅक्ले यांना मिळालेली आठ चित्रेही त्याच संग्रहालयात आहेत, अजूनही तारखेविना.