पाव, चहा आणि पाणी

मराठी मुलखात धर्मावर बोलणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. एकमेकांशी बोलणारे मात्र थोडे. कीर्तनकार सांगायचा, शास्त्री निर्णय द्यायचा, मिशनरी उपदेश करायचा आणि समोरच्याने मान डोलवायची, फार तर मनातल्या मनात नाक मुरडायचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही रीत मोडू लागली. देव एक की अनेक, मूर्ती हवी की नको, ग्रंथ देवाचे की माणसांचे, या प्रश्नांवर माणसं समोरासमोर बसून बोलू लागली. १८४९ ते १९२७ हा काळ धरून त्या बोलण्याचा माग काढत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा आडवी येते. तत्त्वावर या मंडळींचं बऱ्याचदा जमायचं. घोडं अडायचं ते खाण्यापिण्यापाशी.

सुरुवात बंद दाराआड झाली. मराठी व्याकरणामुळे शाळाशाळांत ठाऊक झालेले दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आणि त्यांचे मित्र १८४९च्या सुमारास मुंबईत परमहंस सभेत जमू लागले. ईश्वर एकच, माणसं सगळी भावंडं, जातिभेद खोटा, ही त्यांची मतं. आत येणाऱ्याची परीक्षाही साधी आणि जालीम होती. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. आज यात काय विशेष, असं वाटेल. पण त्या काळी पावाचा एक तुकडा घशाखाली गेल्याचं बाहेर कळलं, तर मुलीचं लग्न मोडायचं आणि श्राद्धाला भटजी मिळेनासा व्हायचा. म्हणून सगळा कारभार गुप्त. प्रार्थना गुप्त, सभासदांची यादी गुप्त. १८६०च्या सुमारास ही यादी फुटल्याची बातमी पसरली आणि सभा बघता बघता विस्कटली. ज्यांनी पाव खाल्ला होता, त्यांची मतं एका रात्रीत बदलली असतील असं नाही. मत बाळगायला हरकत नव्हती, ते चारचौघांत उघडं पडणं परवडणारं नव्हतं.

याच सुमारास दुसरं टोक मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दिसलं. १८५७च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी उघड्यावर वाद घालत होते. बुवा कुलाबा जिल्ह्यातले गोखले. बापाचं छत्र लहानपणीच हरपलेलं, शाळा बेताची, पुढे तपश्चर्येला सप्तशृंगीच्या डोंगरात गेलेले. समोर जॉर्ज बोवेन यांच्यासारखा विद्वान अमेरिकन मिशनरी. ऐकायला गर्दी लोटायची. बोवेन यांनी या वादाचा वृत्तान्त त्याच वर्षी इंग्रजीत छापला, बुवांच्या बाजूचा मराठीत १८७२ साली आला. दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असं वाटलं, हे सांगायला नकोच. पण हारजीत बाजूला ठेवली तर उरतं ते महत्त्वाचं. धर्म हा विषय पाठशाळेच्या आणि देवळाच्या बाहेर, वाळूत उभ्या असलेल्या कारकुनाच्या, दुकानदाराच्या कानावर पडला आणि प्रश्न विचारता येतो, हे त्याला कळलं. वेदांचा कैवार घेणाऱ्या याच बुवांनी १८६७ साली ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला. त्यात गावचं धान्य एका कोठारात जमा होतं आणि ज्याने त्याने तिथून गरजेपुरतं घ्यायचं असतं. किनाऱ्यावरचा वाद शेवटी धान्याच्या कोठारापर्यंत पोचला, तो असा.

त्याच वर्षी, ३१ मार्च १८६७ रोजी, दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर पुढे त्यात आले आणि रविवारच्या उपासनेत तुकोबांच्या अभंगांवर निरूपणं होऊ लागली. लपूनछपून बसायचे दिवस संपले होते. पण दादोबांच्या सभेतली ती पावाची परीक्षाही त्याबरोबर गेली. जातीबाहेर जेवलंच पाहिजे, अशी अट समाजाने सभासदावर घातली नाही. घर सांभाळून जेवढं जमेल तेवढं करावं, असा सावध हिशेब होता. त्याने समाज टिकला, आणि त्यानेच तो शहरी, शिकलेल्या, वरच्या जातींच्या माणसांपुरता राहिला.

महात्मा फुल्यांचा या मंडळींवर राग होता तो इथे. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, १८७३च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज काढला. आधी हौद, मग समाज, हा क्रम मला बोलका वाटतो. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने त्यांनी लिहिलेलं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालं. ते पुष्कळसं प्रश्नोत्तरांत आहे. कुणीतरी विचारतो, जोतीराव सांगतात. त्यात एक कुटुंब येतं. बाईने बुद्धाचा ग्रंथ वाचून वाटल्यास तो धर्म स्वीकारावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलाने सत्यधर्मी व्हावं आणि चौघांनी एकमेकांचा हेवा न करता एका घरात राहावं. फुल्यांनी हे कुटुंब रंगवलं ते सुनेला सासूच्या सोवळ्याला हात लावायची चोरी असलेल्या घरांच्या समाजात. आणि निवड करणाऱ्यांत पहिलं नाव त्यांनी बाईचं घातलं.

पुण्याच्या सुधारकांची परीक्षा १८९०च्या ऑक्टोबरात झाली. पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. कुणी चहा घेतला, कुणी कपाला नुसता हात लावला. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्ताचा निवाडा झाला. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगून आपला मार्ग काढला. रानड्यांनी १८९२ साली मित्रांच्या घरच्या अडचणी ओळखून प्रायश्चित्त घेतलं, तेव्हा त्यांच्याच बाजूचे लोक त्यांच्यावर तुटून पडले. रानड्यांना भित्रा म्हणणं सोपं आहे. पण वर्षानुवर्षं ईश्वराच्या एकत्वावर बोलणाऱ्या माणसाची सगळी पुण्याई एका कपाने पणाला लागावी, यात त्यांच्याइतकाच त्या कपावरून धर्म ठरवणाऱ्या गावाचा दोष आहे.

याच काळात बायका या बोलण्यात उतरल्या आणि त्यांनी किंमत जास्त मोजली. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, पण तिथल्या धर्मगुरूंचा आणि जोगिणींचा प्रत्येक शब्द त्यांनी मान्य केला नाही. ख्रिस्ताच्या देवत्वावर त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या आणि ताटात शाकाहारच ठेवला. नवा धर्म घेतला म्हणून जुनी थाळी टाकलीच पाहिजे, हे त्यांना पटेना. १८८९ साली त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढलं. तिथल्या मुली ख्रिस्ती होऊ लागल्या, तेव्हा १८९३ साली रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं. विचार करायला शिकवलेल्या मुलीने वेगळाच विचार केला तर काय, हा प्रश्न तेव्हा कुणाला सुटला नाही.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंनी नवऱ्यापासून वेगळं राहणं पत्करलं. पुढे त्या परत आल्या, तरी स्वयंपाक वेगळा, सोवळं कडक. हळूहळू एकेक गाठ सुटत गेली आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं की या बदलात प्रवचनांचा वाटा थोडा होता. नवऱ्याशी भांडण, शेजारणीची वागणूक, आजारपणात कुणी दिलेलं पाणी, यांनी जे केलं ते कुठल्याही पुस्तिकेने केलं नसतं. आणि हे सगळं त्या हसतहसत सांगतात. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ उघडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही तिथे बसू शकत होते. घरातला तो सगळा झगडा त्यांनी जवळून पाहिला होता, हे इथे विसरता येत नाही.

विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डहून धर्माचा तौलनिक अभ्यास करून १९०३ साली परतले, प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि १९०६ साली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. रविवारच्या उपासनेतला देव त्यांनी अस्पृश्यांच्या वस्तीत नेला. तरीही इथवर बोलणारे बहुतेक एका बाजूचे होते. कुणाला जवळ करायचं, कधी करायचं, किती करायचं, हे तेच ठरवत होते.

महाडला ते उलटलं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं होतं. कागदावर सगळं झालेलं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारोंच्या मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. परतल्यावर लोक मंडपात जेवायला बसले असतानाच हल्ला झाला, अन्न मातीत मिसळलं. मग तळं पंचगव्याने ‘शुद्ध’ करण्यात आलं, दावा कोर्टात गेला आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. त्याआधी, १९२७च्याच डिसेंबरात, महाडलाच मनुस्मृती जाळण्यात आली. ती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. परमहंस सभेचं पाणी आतल्या खोलीत, निवडलेल्या माणसांनी, स्वतःच्या मनाच्या शुद्धतेसाठी घेतलं होतं. महाडचं पाणी भर दिवसा, ज्यांना मनाई होती त्यांनीच, हक्क म्हणून घेतलं. आता कुणी कुणाला उदारपणे जवळ करत नव्हतं.

आधीची सगळी चर्चा फुकट गेली, असा याचा अर्थ मी काढत नाही. दादोबांच्या सभेतून प्रार्थना समाज, प्रार्थना समाजातून शिंद्यांचं काम, फुल्यांच्या हौदावरून वेगळी वाट, असा हा गुंता आहे आणि त्यातला एकही धागा ओढून काढता येत नाही. पण बोलणं खरं कधी झालं, याचं उत्तर दर वेळी एकच मिळतं. बोलणाऱ्याला त्यापायी काही गमवावं लागलं तेव्हा, आणि ज्याच्याविषयी बोललं जात होतं तो स्वतः बोलू लागला तेव्हा.

आज सर्वधर्मसमभावाच्या परिसंवादाला चहा सगळे घेतात, एकाच थर्मासातला. त्याबद्दल कुणाची चौकशी बसत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. पण फुल्यांच्या पुस्तकातलं ते चौघांचं कुटुंब मुंबई-पुण्याच्या एखाद्या सोसायटीत भाड्याने घर मागायला गेलं, तर सेक्रेटरी पहिला प्रश्न काय विचारेल, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. व्यासपीठावरच्या वक्त्यांनी बोलायला सुरुवात करायची तर या प्रश्नापासून करावी.