नकलेवर नक्कल

बँकेच्या सेवेत असताना शहादा तालुक्यातील एका पपईच्या बागेची पाहणी करण्याचा प्रसंग आला होता. त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. कर्जाचा हप्ता तोंडावर आला होता आणि बाग पिवळी पडली होती. शेंड्याची पाने आक्रसली होती, देठांवर तेलकट हिरव्या रेघा उठल्या होत्या, फळांवर गोल गोल वलये उमटली होती. बागाईतदार म्हणाले, "साहेब, दर आठवड्याला फवारणी केली. मावा मेला, पण रोग हटला नाही. असे कसे?" मी वाणिज्य शाखेचा माणूस, माझ्यापाशी उत्तर नव्हते. अहवालात 'विषाणुजन्य रोग' एवढे लिहिले, हप्ते पुन्हा बांधून देण्याची शिफारस केली आणि परतलो. तो प्रश्न मात्र मनात राहून गेला. निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हा त्याचा माग काढता आला.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. पपईवरील या रिंगस्पॉट विषाणूची लागण होण्यास माव्याने पानात क्षणभर सोंड खुपसणे पुरते. औषधाने मावा मरतो, पण मरण्यापूर्वी त्याचे काम झालेले असते. खरी कथा त्यानंतर, पानाच्या पेशीत घडते.

विषाणूजवळ भांडवल म्हणावे तर आरएनएचा एक धागा, सुमारे १०,३०० अक्षरांचा. पेशीचा नेहमीचा शिरस्ता असा की मूळ वही डीएनएची. तिच्यावरून आरएनएच्या कामचलाऊ नकला काढायच्या. आरएनएवरून आरएनए उतरवणारा कारकून विषाणूला हवा तेव्हा पेशीत मिळेलच असे नाही. म्हणून तो घडवण्याची कृती विषाणू आपल्याच धाग्यात लिहून आणतो आणि वनस्पतीच्याच यंत्रणेकडून तो घडवून घेतो. या विकराचे लांबलचक नाव 'आरएनए-अवलंबी आरएनए पॉलिमरेज'. आधी तो मूळ धाग्याची उलटी प्रत काढतो, मग तिच्यावरून सुलट्या प्रती भराभर उतरवतो. पोलिओ, डेंग्यू, गोवर, कोरोना या सर्वांचे काम अशाच विकरावर चालते.

हा कारकून चपळ आहे, पण काटेकोर नाही. दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे त्याची साधारण एक चूक होते. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासायची, असा दंडक असतो. येथे तपासणारा कोणी नसतो. पुष्कळ प्रती वाया जातात. एखादी चुकीची प्रत मात्र नव्या परिस्थितीत अधिक तग धरते आणि विषाणूचे रूप बदलते. कोरोनाचा धागा जवळजवळ ३०,००० अक्षरांचा असल्याने एवढा निष्काळजीपणा त्याला परवडत नाही. त्याने चुका खोडणारा एक तपासनीसही बाळगला आहे. महासाथीच्या काळात ज्याचे नाव घरोघरी पोहोचले ते रेमडेसिवीर म्हणजे या कारकुनाच्या हाती दिलेले खोटे अक्षर.

येथवर सारा दोष विषाणूच्या पदरी पडतो. पण १९७१ मध्ये निरोगी चायनीज कोबीत असेच काम करणारे विकर आढळले. झाडात एखादा विषाणू लपला असेल, अशी शंका त्यानंतर बराच काळ टिकून होती. १९९८ मध्ये टोमॅटोत अशा विकराचे जनुक सापडले आणि ते वनस्पतीचे स्वतःचेच असल्याचे ठरले. त्याची घडण विषाणूच्या विकराहून अगदी वेगळी आहे. धंदा एकच असला तरी घराणी दोन.

वनस्पतीला या विकराचा उपयोग काय? विषाणूची प्रत काढली जात असताना आरएनएचा दुपेडी धागा तयार होतो. वनस्पतीचे 'डायसर' नावाचे विकर असा धागा ओळखते आणि त्याचे २१ ते २४ अक्षरांचे तुकडे करते. ते तुकडे म्हणजे जणू पकड-वॉरंट. त्यांच्याशी जुळणारा आरएनए जेथे दिसेल तेथे तो कापला जातो. पण मूठभर तुकड्यांनी काय होणार? येथे वनस्पतीचा कारकून कामाला लागतो. विषाणूचा एकपेडी आरएनए घेऊन तो त्याचा दुसरा पेड उतरवतो, डायसर तो दुपेडी धागा पुन्हा कापतो, तुकडे वाढतात. व्यापारी घरात याला चक्रवाढ म्हणतात. शिवाय हा इशारा रसवाहिन्यांतून वरच्या पानांपर्यंत पोहोचतो.

१९२८ मध्ये अमेरिकेतील विंगार्ड यांनी नोंदवले होते की रिंगस्पॉट रोगाने खालची पाने करपलेल्या तंबाखूच्या रोपाला वर निरोगी पाने फुटतात आणि त्यांना तोच रोग पुन्हा होत नाही. त्याचा उलगडा व्हायला सुमारे सत्तर वर्षे लागली.

प्रयोगशाळांत फार लाडकी असलेली तंबाखूची एक ऑस्ट्रेलियन जात आहे, निकोशियाना बेंथॅमियाना. तिला जवळपास कोणताही विषाणू लागतो, म्हणूनच संशोधकांना ती सोयीची. तिच्यातील या विकरांपैकी एकाचे जनुक मोडके असल्याचे २००४ मध्ये उघड झाले. दुसऱ्या वनस्पतीचे धड जनुक तिच्यात घातल्यावर काही विषाणूंना ती पुरून उरली, सर्वांना नव्हे.

मग शहाद्याची पपई का हरली? रिंगस्पॉट विषाणू एक प्रथिन सोबत आणतो, जे ते छोटे तुकडे धरून ठेवते. वॉरंट निघते, पण बजावले जात नाही. दरम्यान विषाणूचा कारकून प्रती काढतच असतो.

हवाई बेटांवर याच रोगाने बागा उठल्या, तेव्हा डेनिस गोन्साल्विस आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्याच एका जनुकाचा अंश पपईत घातला. त्यामुळे विषाणू येण्यापूर्वीच झाडात त्याच्याविरुद्धचे तुकडे तयार असतात. 'रेनबो' ही जात १९९८ मध्ये शेतकऱ्यांना मिळाली आणि तेथील पपई वाचली. आपल्याकडे अशा पपईच्या लागवडीस परवानगी नाही. त्यामुळे रोपे बारीक जाळीखाली वाढवणे, रोगट झाड दिसताच उपटणे आणि बागेभोवती मक्याच्या दाट ओळी लावणे एवढेच हाती उरते. बाहेरून येणारा मावा आधी मक्यात सोंड खुपसतो आणि विषाणू तेथेच टाकून येतो. मक्याला त्या विषाणूची बाधा होत नाही.