होम थिएटरला महागडी पॉवर कॉर्ड? आधी अर्थिंग तपासा!

वाकडच्या टॉवरमधल्या हौशी मंडळींनो, वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, सोसायटीचा जनरेटर धडधडतो, लाइट परत येते. या अदलाबदलीतच टीव्ही आणि रिसीव्हरला खरा धोका. म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवा:

🔌 अर्थिंग: इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मल्टिमीटरने तपासून घ्या. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं.

⚡ सर्ज प्रोटेक्टर: आतला 'एमओव्ही' जादा व्होल्टेज वळवतो, पण दर झटक्यागणिक झिजतो. 'प्रोटेक्टेड' दिवा विझला, की हातात उरतो नुसता एक्स्टेन्शन बोर्ड. बदलून टाका.

🎚️ कंडिशनर: लाइनवरचा गोंगाट गाळतो. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल, तर मात्र स्टॅबिलायझरच लागतो. स्पीकर घूं-घूं करतोय? सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. आवाज थांबला, तर तो ग्राउंड लूप. केबलवर आयसोलेटर बसवा.

🔊 कॉर्ड: भिंतीतून साधीच तांब्याची वायर येते. शेवटच्या दीड मीटरवर हजारो रुपये ओतून आवाज सुधारत नाही. आयएसआय मार्कची, तीन पिनांची, सॉकेटात घट्ट बसणारी पुरे. मोठ्या ॲम्प्लिफायरला १.५ चौरस मिमी तारेची घ्या. अर्थची पिन कधीही तोडू नका.

आणि विजा कडाडायला लागण्याआधीच प्लग काढा, सोबत केबल आणि इंटरनेटची वायरही. थेट पडलेली वीज कुठलाही प्रोटेक्टर पेलत नाही!