उत्तर आलं नाही म्हणजे नकार नव्हे

जळगाव एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्याचा माल धुळ्याच्या गोदामातून इंदूरकडे जातो. बिल धुळ्यात बनतं, ईआरपीचा सर्व्हर जळगावात आणि आयआरएन, म्हणजे बिलाचा संदर्भ क्रमांक, मिळतो सरकारी ई-इन्व्हॉइस पोर्टलवरून. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांनाही व्यापाऱ्याच्या नावे केलेल्या बिलावर हा ६४ अक्षरी क्रमांक लागतो. तो आला नाही की भरलेली गाडी गेटवरच उभी.

"मधूनच एरर येते, भाऊ. पुन्हा बटण दाबलं की होऊन जातं," डिस्पॅचवाला सांगत होता. त्याला एवढंच सांगितलं, एरर आली की रजिस्टरमध्ये वेळ लिहा.

वेळा बोलू लागल्या. सकाळचं पहिलं बिल अडकायचं, तसंच जेवणाच्या सुट्टीनंतरचं. ईआरपी दर बिलाला नवं कनेक्शन उघडत नाही, जुनंच वापरतं. सुट्टीत त्यावरून काहीच गेलं नाही की फायरवॉल ते गुपचूप तोडतं, सर्व्हरला कळवत नाही. पुढचं बिल त्या मेलेल्या कनेक्शनवर जाऊन टाइमआउट होतं.

काही नोंदी मात्र यात बसेनात. त्या महिनाअखेरच्या, ऐन गर्दीतल्या. तिथे पुन्हा बटण दाबलं की २१५० हा कोड यायचा, म्हणजे डुप्लिकेट आयआरएन. जळगावचा लॉग आणि बिल पोर्टलपर्यंत पोचवणाऱ्या मधल्या जीएसपीचा (जीएसटी सुविधा प्रोव्हायडर) लॉग शेजारी ठेवले, तर घड्याळंच जुळेनात. आधी ती जुळवली, मग उलगडा झाला. बिल पोर्टलवर पोचलं होतं, आयआरएनही तयार झाला होता. उत्तराला उशीर झाला आणि आपल्या सर्व्हरने वाट पाहणं सोडलं. दोन्ही बिघाडांना स्क्रीनवर संदेश एकच: 'संपर्क होऊ शकला नाही'.

पहिल्या बिघाडात फक्त वेळ जातो. दुसऱ्यात घाईने बिलाचा नंबर बदलला, तर एकाच मालाचे दोन आयआरएन होतात. पोर्टलवर त्यातला एक रद्द करायला २४ तासच मिळतात. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्ताचा प्रकार आणि नंबर यांवरूनच आयआरएन बनतो. त्यामुळे तोच नंबर पुन्हा पाठवण्यात धोका नाही, बदलण्यात आहे.

आता रिकामं कनेक्शन फायरवॉलच्या आधी ईआरपीच बंद करतं. टाइमआउट झाला तर बिलाच्या नंबरावरून आधी पोर्टलला विचारतं आणि तिथे नसेल तरच पुन्हा पाठवतं. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला एवढं नक्की विचारा: उत्तर आलं नाही, तर तुमची प्रणाली आधी चौकशी करते की थेट दुसरं बिल फाडते?