यामताईंचे सोंग

प्रथमच कबूल करून टाकतो, की मला चिनी भाषेचे एक अक्षरही येत नाही आणि हाँगकाँग मी फक्त नकाशात पाहिले आहे. तरीही त्या गावच्या एका नाट्यप्रयोगाविषयी लिहायला बसलो आहे, हे पाहून आमच्या वर्गातली मंडळी हसतील. त्यांनी खुशाल हसावे. पण लेख शेवटपर्यंत वाचावा.

झाले असे, की आमच्या इतिहासाच्या सरांनी एके दुपारी विभागात बोलावून एका प्रयोगाची ध्वनिचित्रफीत दाखवली. नाटक कँटोनी संगीत नाटकाच्या परंपरेतले. खाली इंग्रजीत ओळी येत होत्या, त्या वाचता वाचता माझी पुरेवाट झाली. लांब अंगरख्यातला एक देखणा तरुण विद्वान गात होता. सर म्हणाले, "ही बाई आहे. आणि हिच्या गुरूने हीच भूमिका गाजवली होती, तीही बाईच." माझ्या पोटात एकदम कालवले. त्याचे कारण पुढे सांगतो.

गुरू म्हणजे याम किम-फाय. हाँगकाँगचे लोक तिला 'याम-जे' म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत यामताई. जन्मभर तिने रंगभूमीवर पुरुषाची भूमिका केली. आपल्याकडे बालगंधर्व पुरुष असून स्त्रीभूमिकेत अजरामर झाले; तिथे याच्या बरोबर उलट. ती सुरुवातीला शिकली आणि वावरली ती केवळ स्त्रियांच्या नाटकमंडळ्यांत. त्या काळी स्त्री-पुरुषांनी एकाच रंगमंचावर उभे राहायला बंदी होती, त्यामुळे पुरुषांच्या मंडळ्या वेगळ्या आणि बायकांच्या वेगळ्या. हाँगकाँगात ही बंदी 1933 साली उठली. बायकांच्या मंडळीत राजा, सेनापती, प्रियकर हे सारे बायकांनीच करायचे, हे ओघानेच आले. क्वाय मिंग-यांग नावाच्या एका प्रसिद्ध नटाच्या भूमिका पाहून पाहून यामने त्याची ढब इतकी उचलली, की लोक तिला 'स्त्री क्वाय मिंग-यांग' म्हणू लागले. युद्धाच्या काळात ती मकावला होती आणि युद्धानंतर हाँगकाँगच्या रंगभूमीवर तिचे राज्य सुरू झाले. चित्रपटही तिने तीनशेहून अधिक केले. तिच्या चाहत्यांत बायकांचा भरणा फार. घरकाम करणाऱ्या, कारखान्यांत राबणाऱ्या बायका तिच्या नाटकासाठी पदरचे पैसे मोडत. तिला पदवी मिळाली होती ती 'नाट्यवेड्यांचा प्रियकर' अशा अर्थाची.

इथे आवाजाचा एक मुद्दा सांगितलाच पाहिजे, कारण मला स्वतःला तो कळल्यावर फार नवल वाटले. या नाटकात गळे दोन. पुरुषपात्राचा गळा तो 'सपाट' गळा, म्हणजे माणसाचा नेहमीचा आवाज. स्त्रीपात्राचा गळा मात्र मुद्दाम घडवलेला, बारीक आणि उंच. पूर्वी स्त्रीभूमिका पुरुष करीत, त्या काळातला हा वारसा. याचा परिणाम मोठा मौजेचा होतो. बाई पुरुष झाली की आपल्या साध्या आवाजात गाते आणि बाईने बाईची भूमिका केली तर तिला आवाज चोरून, वर चढवून गावे लागते. म्हणजे सोंग नेमके कोणाचे, हा प्रश्नच आहे.

गाण्याची दुसरी अडचण भाषेची. कँटोनीमध्ये एकच उच्चार वरच्या सुरात केला, खालच्या सुरात केला, चढता केला, तर शब्दच बदलतो. त्यामुळे नाटककाराला चालीवर नुसती अक्षरे मोजून बसवता येत नाहीत. चाल जिथे वर जाते तिथे वरच्या सुराचाच शब्द सापडावा लागतो, नाहीतर नायक म्हणतो एक आणि श्रोत्याला ऐकू येते भलतेच. साथीत ढोल, झांजा आणि घंटा यांचा मोठा गलबला असतो. नट हाताची खूण करतो आणि ढोलवाला त्याप्रमाणे ठेका धरतो. तंतुवाद्यांत चक्क व्हायोलिन अग्रस्थानी आहे. ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिमेकडून आले आणि तिथेच घरजावई होऊन बसले, जशी आपल्या नाटकात पेटी.

यामच्या कीर्तीत आणखी दोघांचा वाटा आहे. एक तिची जोडीदारीण नायिका बाक सूत-सिन. या दोघींनी 1956 साली 'सिन फुंग मिंग' ही मंडळी काढली. दोघींची नावे लोक एकत्रच घेतात, 'याम-बाक' असे, जणू एकच व्यक्ती. दुसरा नाटककार टोंग टिक-सांग. त्याच्या आधीच्या काळात पुष्कळ नाटके अशी होत, की पडद्यामागे कथानकाचा एक कच्चा आराखडा लावलेला असे आणि नट त्यावरून वेळेवर संवाद रचीत. (आमच्या दशावतारात आजही तेच चालते, आणि कोणी त्याला कमी लेखले तर मी भांडायला तयार आहे.) टोंगने मात्र जुनी अभिजात नाटके आणि इतिहास हाताशी घेऊन शब्द न् शब्द लिहिलेली नाटके दिली. 1957 मधले त्याचे एक नाटक मिंग घराण्याच्या शेवटच्या सम्राटाच्या मुलीचे आहे. 1644 मध्ये राज्य बुडाले, राजकन्या वाचली, मठात लपली, तिचा वाग्दत्त वर तिला शोधत आला. शेवटी दोघे नव्या सम्राटाकडून मृत पित्याचे योग्य दफन आणि धाकट्या भावाची सुटका पदरात पाडून घेतात आणि लग्नाच्या रात्रीच विष घेतात. त्या शेवटच्या प्रवेशातले द्वंद्वगीत हाँगकाँगात नाटक न पाहणाऱ्यालाही ठाऊक असते.

पण मी पाहिला तो प्रयोग दुसऱ्या नाटकाचा होता. या नाटकाच्या नावाचा अर्थ साधारण 'तांबड्या प्लम-फुलाचा पुनर्जन्म' असा. दक्षिण सुंग काळातला जिया सिदाओ नावाचा सत्ताधीश प्रधान. त्याच्या जनानखान्यातली हुईन्यांग सरोवरावर पेइ यू नावाच्या तरुण विद्वानाला पाहते आणि तिचे मन त्याच्याकडे ओढले जाते. प्रधान तिचा जीव घेतो. पुढे पेइ यूला हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी चाओरुंग भेटते, प्रधानाची नजर तिच्यावरही पडते, पेइ यूला मारण्याचा कट शिजतो, आणि हुईन्यांगचे भूत येऊन त्याला सोडवते. अखेरीस चाओरुंग मरते आणि हुईन्यांगचा आत्मा तिच्या देहात शिरून पुन्हा जगात येतो. दोन्ही स्त्रिया एकाच नटीने करायच्या.

14 सप्टेंबर 1959 रोजी ली थिएटरमध्ये या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. पेइ यू होती याम, दोन्ही नायिका बाक. नाटककार प्रेक्षकांत बसला होता. प्रयोग चालू असतानाच तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. वय अवघे बेचाळीस. मेलेली बाई परत येते असे नाटक आणि ते लिहिणारा त्याच रात्री निघून जातो, हे एखाद्या कादंबरीत वाचले असते तर मी लेखकाला नावे ठेवली असती. पण हे घडलेले आहे.

पुढे याम-बाक यांनी हळूहळू रंगमंच सोडला, मात्र सोडण्यापूर्वी एक मोठे काम केले. साठीच्या दशकाच्या आरंभी नाचासाठी म्हणून निवडलेल्या तरुण मुलींना त्यांनी हाताशी धरून शिकवले आणि त्यांची 'चोर फुंग मिंग' ही मंडळी उभी केली. आईच्या मंडळीच्या नावात फिनिक्स पक्ष्याची साद होती, लेकींच्या नावात त्याच्या पिलांची. शिष्येला गुरूच्या नावातले एक अक्षर द्यायची तिथे रीत आहे. याम किम-फायमधले 'किम', म्हणजे तलवार, लुंग किम-सांगला मिळाले; बाक सूत-सिनमधले 'सूत', म्हणजे हिम, मुई सूत-सीला. एक नायक झाली, दुसरी नायिका. यामताई 29 नोव्हेंबर 1989 रोजी वारल्या. काही वर्षांत लुंग रंगभूमी सोडून कॅनडाला निघून गेली.

ती परत आली ती गुरूच्या नाटकांसाठी. 2014 मध्ये, यामच्या मृत्यूला पंचवीस वर्षे झाली त्या वर्षी, ऐंशी ओलांडलेल्या बाक सूत-सिन यांच्या देखरेखीखाली हेच पुनर्जन्माचे नाटक पुन्हा उभे राहिले. पेइ यू लुंग, नायिका मुई. शिष्याही तोवर सत्तरीच्या घरात आल्या होत्या. आता विचार करा. बाक यांनी आपल्या जोडीदारणीची भूमिका दुसरीच्या अंगावर चढताना पाहायची. चालीतला झोक, बाही झटकण्याची लकब, शब्दावर थांबण्याची जागा, सारे बरोबर आहे की नाही हे तपासायचे. आणि ते बरोबर असेल तर त्यात आनंद मानायचा की आणखी दुःख?

माझ्या पोटात कालवले ते यामुळे. माझे आजोबा सिंधुदुर्गातल्या एका दशावतारी कंपनीत स्त्रीपार्टी करीत. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते, पण त्यांच्या तारामतीला जत्रेत बायका पदराने डोळे पुशीत. दोन वर्षांपूर्वी ते गेले. पुढच्या जत्रेत कंपनीने त्यांच्या स्मरणार्थ 'हरिश्चंद्र' लावला आणि त्यांचा पेटारा वाहणारा, त्यांच्याच हाताखाली शिकलेला पोरगा तारामती होऊन उभा राहिला. मान कलती करण्याची तीच पद्धत, रडण्यापूर्वी घेतलेला तोच श्वास. लोक म्हणाले, "आजो परत इलो!" आजी मात्र उठली आणि अंधारातून एकटी घरी गेली. मी मागून धावलो तर एवढेच म्हणाली, "तेचां सोंग तेच्याबरोबर गेलां." मला तिचा राग आला होता. त्या पोराचा अपमान झाला असे वाटले होते.

बाक सूत-सिन यांनी नेमके उलटे केले. सोंग माणसाबरोबर जाऊ द्यायचे नाही असे ठरवून, माणूस हयात असतानाच त्याची तजवीज केली. दोघींपैकी चूक कोणाची, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. एवढे मात्र खरे, की बाक यांच्याजवळ लिहिलेली संहिता होती, पैसा होता, ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट होते. यामचा चेहरा, आवाज पडद्यावर शिल्लक आहे. शिष्येची तुलना कोणीही करू शकतो. माझ्या आजोबांचे एक वाक्यही कागदावर नाही. त्या पोराच्या अंगात जे आहे तेवढेच उरले आहे, आणि आजीला ते पाहवत नाही.

कँटोनी नाटकाचा पुढचा काळही सोपा नाही. 2009 साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. 2019 मध्ये हाँगकाँगच्या पश्चिम कौलून भागात चिनी संगीत नाटकासाठी मोठे नवे नाट्यगृह उघडले. पण ज्या ली थिएटरात टोंग कोसळला ते 1991 मध्येच पाडले गेले, आणि 1972 पासून चालत आलेले नॉर्थ पॉइंटचे सनबीम थिएटर 2025 मध्ये बंद झाले. देवाच्या उत्सवात बांबूचे मांडव घालून नाटके करण्याची प्रथा मात्र अजून चालू आहे. प्रयोगापूर्वी पडद्यामागे वा क्वाँग या नटांच्या देवापुढे उदबत्ती लावतात. आमच्याकडे पेटाऱ्यातल्या गणपतीची पूजा होते, हे वाचकांना सांगायला नकोच.

दिवाळीच्या सुट्टीत सरांकडून ती फीत मागून घेऊन घरी गेलो आणि आजीला दाखवली. नाटक काय आहे, बाई पुरुष कशी झाली, गुरू कोण, शिष्या कोण, सगळे मालवणीत समजावून सांगितले. ती बराच वेळ न बोलता पाहत राहिली. भुताच्या प्रवेशात नायिकेने हातभर लोंबणाऱ्या पांढऱ्या बाह्या हवेत फेकल्या, झेलल्या, पुन्हा फेकल्या. चाळीस वर्षे आजोबांची लुगडी धुऊन, वाळवून, घडी घालून पेटाऱ्यात ठेवणारी माझी आजी पुढे वाकली आणि म्हणाली, "इतक्या लांब बाह्या धुता कोण?"