वजाबाकीचा खेळ

शरीर कमावणे आपल्या घरांना नवे नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा उभा केला. बलोपासनेचा आग्रह धरणाऱ्या समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब तर आपल्याच घनसावंगी तालुक्यात आहे. तरीही मुलगी जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत उतरणार म्हटले, की जालन्यातल्या काय किंवा परतूर-मंठ्यातल्या काय, घरात थोडी चलबिचल होतेच. हातपाय मोडून घेईल का? ते तंग कपडे घालायचे का? आणि एवढे करून नंबर आला नाही तर?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण मुलाच्या मनावर खरे ओझे त्याचेच असते.

कबड्डीत गुण मिळवायचे असतात. धावण्यात पहिला कोण आला ते डोळ्यांना दिसते. जिम्नॅस्टिक्समध्ये मात्र निम्मा हिशेब वजाबाकीचा. आंतरराष्ट्रीय नियमांत २००६ पासून दोन वेगळे गुण देतात. कसरत किती अवघड याचा गुण शून्यापासून वर चढतो, आणि ती किती नेटकी झाली याचा गुण दहापासून खाली उतरतो. गुडघा किंचित वाकला, उतरताना पाऊल जरा सरकले, की ०.१ गेला. त्याहून मोठ्या चुकीला ०.३, आणखी मोठीला ०.५. पडले तर पूर्ण एक. लहान गटांच्या स्थानिक स्पर्धांत हे नियम सोपे करून वापरले जातात, पण तत्त्व तेच. १९७६ साली मॉन्ट्रियलला चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला दहापैकी दहा मिळाले, तेव्हा गुणफलकावर १०.०० मावेना, म्हणून १.०० झळकले. ते ‘पैकीच्या पैकी’ आता या पद्धतीत राहिलेले नाही.

हे आई-वडिलांनी आधीच समजून घ्यायला हवे. एरवी आपण गॅलरीतून टाळ्या वाजवतो, ‘काय सुंदर केलं!’ म्हणतो आणि फलकावरचा आकडा पाहून चेहरा पाडतो. मूल फलकाआधी आपला चेहराच वाचते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दीपा कर्माकरचे व्हॉल्ट प्रकारातले पदक ०.१५० गुणांनी हुकले. म्हणजे एखाद-दुसरे पाऊल सरकावे, एवढाच फरक. तिथे ही गत, तर आपल्या आठ वर्षांच्या पोरीने काय करावे?

पडणे म्हणजे खेळ संपणे नव्हे, हे तिला आधी सांगून ठेवा. बॅलन्सिंग बीम अवघा दहा सेंटिमीटर रुंद असतो आणि मोठ्या गटात सव्वा मीटर उंच, म्हणजे आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्याइतका. तिथून खाली आलेल्या खेळाडूला पुन्हा चढायला दहा सेकंद मिळतात. दहा सेकंद पुष्कळ असतात. एक श्वास घ्यायचा, चढायचे, राहिलेली कसरत पुरी करायची आणि शेवटी हात वर करून पंचांना अभिवादन करायचे. प्रशिक्षकांना विनंती करून याचाही सराव करून घ्यावा. पहिल्या स्पर्धेत रडत बाहेर पळणारी मुले पाहिली, की वाटते यांना सगळे शिकवले, एवढेच राहिले.

सभागृहाचीही ओळख हवी. शाळेच्या पटांगणात सतरंजीवर किंवा पातळ गादीवर शिकलेले मूल विभागीय पातळीवर छत्रपती संभाजीनगरला गेले, तर तिथली उसळी देणारी जमीन त्याला परकी वाटते. जालन्याहून अंतर साठेक किलोमीटर, मंठ्याहून त्याच्या दुप्पट. पहाटेच्या एसटीत झोप मोडून थेट मैदानात उतरवण्यापेक्षा, जमल्यास आदल्या दिवशी पोचावे. जन्माचा दाखला आणि शाळेची कागदपत्रे आपल्याच पिशवीत ठेवावीत.

कपड्यांचे म्हणाल, तर आजीशी भांडण नको. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या मुली घोट्यापर्यंत पाय झाकणाऱ्या पोशाखात खेळल्या. नियमांना तो चालतो. आपल्या स्पर्धेत काय चालेल ते आयोजकांना आधीच विचारावे. पोशाख अंगाबरोबरचा हवा, हे मात्र खरे. सैल कपडा हातात अडकतो.

खाण्यात त्या दिवशी नवे काही नको. दोन-तीन तास आधी रोजची भाजी-भाकरी, मग एखादे केळे किंवा आपली मोसंबी. चतुर्थी असली तरी मुलाला उपास घडवू नका. आणि ‘जाड झालीस’ हे वाक्य तर घरातून कायमचे काढून टाका. या खेळात पोरी असल्या एका शब्दावरून जेवण तोडतात, हाडे ठिसूळ करून घेतात.

दुखापतीची भीती खोटी नाही. म्हणूनच मूल ‘आज नको’ म्हणाले तर ऐकावे. टोकियोतच सिमोन बाइल्सला हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत याचे भान राहीना, तेव्हा तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. आठवड्याने ती बीमवर परतली आणि कांस्यपदक घेऊन गेली. जगातली सर्वोत्तम खेळाडू थांबू शकते, तर पाहुणे बघायला आलेत म्हणून आपण मुलाला का ढकलावे? दहावी-बारावीचे क्रीडा गुण, नोकरीतले पाच टक्के आरक्षण, हे सगळे खरे, पण दुसरी-तिसरीतल्या पोरासमोर त्याची चर्चा कशाला?

गॅलरीत बसल्यावर सूचना ओरडू नका. त्या वेळी तिला एकच आवाज हवा, प्रशिक्षकांचा. फ्लॅश मारून फोटो तर मुळीच काढू नका. बीमवरच्या मुलीचे डोळे दिपले तर ती पडेल, आणि ती कदाचित दुसऱ्या कुणाची असेल.

परतीच्या एसटीत नंबराचा विषय तिने काढला तरच काढावा. भूक लागली असेल, आधी डबा उघडावा. गुणांच्या कागदाचा फोटो काढून ठेवा आणि सोमवारी प्रशिक्षकांना दाखवा. कुठे ०.१ गेला आणि कुठे ०.३, ते त्यांना वाचता येते. पुढच्या महिन्याचा सराव त्यावरूनच ठरेल.