तीन लिटरमध्ये किती हवा मावते?

एक लिटर पेट्रोल नीट जळायला हवा किती लागत असेल? सुमारे नऊ हजार लिटर. वजनात मोजलं तर एक ग्रॅम पेट्रोलमागे १४.७ ग्रॅम हवा. गाडीची ताकद पेट्रोलात असते असं आपण धरून चालतो. पण पेट्रोल आत सोडणं हे काम त्या मानाने सोपं. एक पंप आणि बारीक भोकांचे इंजेक्टर ते करतात. खरी कसोटी लागते ती एवढी हवा क्षणार्धात सिलिंडरमध्ये भरताना. इंजिनाची ताकद वाढवायला निघालेला माणूस टर्बो घेवो, कॅमशाफ्ट बदलो की सायलेन्सर, तो शेवटी हवाच विकत घेत असतो.

हा सगळा खेळ ज्या एका इंजिनावर सर्वांत स्पष्ट दिसतो ते म्हणजे टोयोटाचं टू-जेझेड-जीटीई. १९९१ मध्ये ते ॲरिस्टो या सेडानमध्ये आलं आणि १९९३ पासून सुप्रा या स्पोर्ट्स कारमध्ये. एका ओळीत सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ८६ मिलिमीटर. एकूण क्षमता २,९९७ घन सेंटिमीटर, म्हणजे तीन लिटरच. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, क्रँकशाफ्ट घडीव पोलादाचा आणि तो सात ठिकाणी बेअरिंगवर पेललेला. प्रत्येक पिस्टनच्या पोटावर खालून तेलाची धार मारून त्याला थंड ठेवण्याची सोय. त्या काळी जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलं होतं की २८० अश्वशक्तीच्या वर आकडा जाहीर करायचा नाही. त्यामुळे जपानमधल्या सुप्राच्या कागदावर २८० होते. अमेरिकेत तीच गाडी ३२० अश्वशक्तीची म्हणून विकली गेली. लोखंडात मात्र याहून कितीतरी जास्त दम होता.

आता थोडं गणित करू, कारण ते फार सुंदर आहे. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपली पूर्ण क्षमता भरून घेतं. मिनिटाला ६,००० फेरे असतील तर तीन लिटर हवा ३,००० वेळा आत येते: नऊ हजार लिटर. म्हणजे पूर्ण जोरात धावणारं हे इंजिन, टर्बो नसतानाही, मिनिटाला लिटरभर पेट्रोल जाळण्याइतका श्वास घेतं. एका सेकंदाचा हिशेब धरला तर साधारण १८० ग्रॅम हवा. ताकदीच्या मिश्रणात पेट्रोल थोडं जास्त ठेवतात, ते १५ ग्रॅम धरू. त्यातल्या उष्णतेपैकी तीस टक्क्यांच्या आसपास चाकं फिरवण्याच्या कामी येते. उरलेली रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून निघून जाते. उत्तर येतं अडीचशे अश्वशक्तीच्या जवळ. याच इंजिनाच्या बिनटर्बो भावंडाला टोयोटाने २२० दिले होते. वहीतलं गणित आणि कारखान्यातलं यंत्र इतकं जवळ येतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

हवा वाढवायचे मार्ग तीनच. सिलिंडर मोठे करा, फेरे वाढवा किंवा हवा दाबून भरा. पहिल्याला ब्लॉकच्या भिंतींची मर्यादा आहे. दुसऱ्यात फार फेऱ्यांवर व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारे कॅमशाफ्ट लागतात. मग वर ताकद मिळते आणि खाली, गावातल्या वाहतुकीत, इंजिन सुस्त होतं. नुसतं एअर फिल्टर बदलून मिळतं ते फारच थोडं. आवाज वाढतो म्हणून ताकद वाढल्यासारखी वाटते, एवढंच.

तिसरा मार्ग आपल्याला एका स्विस अभियंत्याने दिला. आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलं: इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा आत दाबायची. हाच टर्बो. अमेरिकेत अभियंते सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये लिबर्टी हे विमानाचं इंजिन थेट पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर नेऊन तपासलं. सखल भागात साडेतीनशे अश्वशक्ती देणारं ते इंजिन विरळ हवेत २३० च्या आसपास घसरलं. टर्बो जोडल्यावर त्याने ३५६ दिले. डोंगरावर इंजिनाचा जीव गुदमरत होता आणि त्याच्याच उच्छ्वासाने त्याला श्वास मिळवून दिला. आजच्या गाडीतला टर्बो तळहातावर मावेल एवढ्या चक्रांचा असतो, एका बाजूला नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला वायू असतो आणि दांडा तेलाच्या पातळ थरावर मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेत असतो.

मग दाब दुप्पट केला की ताकद दुप्पट? इथे निसर्ग आपला वाटा मागतो. सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, ते आठवा. वीस अंशाची हवा दुप्पट दाबाला नेली की चांगला टर्बो असूनही ती ११० अंशांच्या घरात जाते. तापलेली हवा फुगते, म्हणून दाब दुप्पट होऊनही सिलिंडरमध्ये हवेचं वजन जेमतेम दीडपट भरतं. वाटेत इंटरकूलर बसवून तीच हवा ४० अंशांपर्यंत निववली तर ते वजन १.८ पटींच्या वर जातं. एकही हलता भाग नसलेली ही ॲल्युमिनियमची जाळी, पण माझ्या मते खर्च केलेल्या पैशाला सर्वांत प्रामाणिकपणे जागणारी.

आणि गरम हवेचा दुसरा धोका याहून मोठा आहे. स्पार्क प्लगने पेटवलेली ज्योत सिलिंडरमध्ये पसरत जाते तेव्हा पलीकडच्या कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. एरवी पिस्टनला ढकलणारा दाब तेव्हा हातोड्यासारखा बसतो. तसाही तो कमी नसतो: सिलिंडरमध्ये १०० बार दाब असेल तर ८६ मिलिमीटरच्या त्या पिस्टनवर जवळपास सहा टन भार येतो, आणि तो ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला पन्नास वेळा. नॉकिंग सुरू झालं की पिस्टनच्या कडा तुटतात, गॅस्केट उडतं. म्हणून ठिणगी नेमकी कधी पाडायची आणि पेट्रोल किती सोडायचं हे सांगणारा ईसीयूमधला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला तक्ता, ज्याला ट्यूनर लोक मॅप म्हणतात, तो कुठल्याही सुट्या भागाइतकाच मोलाचा. एका फेऱ्याला १० मिलिसेकंद मिळतात. त्यात ठिणगी दोन-चार अंश लवकर पडली तरी इंजिनाचं भलं किंवा वाटोळं होतं.

याच ठिकाणी आपल्या उसाचा संबंध येतो. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा शंभराच्या वर असतो आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, म्हणजे हवा आतच निवते आणि नॉकिंग लांबतं. अमेरिकेत टर्बो गाड्यांची ताकद वाढवणारे ८५ टक्के इथेनॉलचं इंधन मुद्दाम शोधून वापरतात ते यासाठी. ग्रॅमभर इथेनॉलला नऊ ग्रॅमच हवा पुरते, त्यामुळे इंधन जास्त सोडावं लागतं. मोठे इंजेक्टर आणि मोठा पंप आलाच. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांतून निघणारा द्रव तो हाच. आपल्या पंपावरच्या पेट्रोलात आता तो २० टक्क्यांपर्यंत असतो, पण इंजिनाचा मॅप त्याप्रमाणे बांधल्याशिवाय त्यातून ताकद मिळत नाही.

सुप्राकडे परत येऊ. तिच्यावर काम करणाऱ्यांनी काढलेली वाट बघण्यासारखी आहे. आधी टर्बोमागची अरुंद नळी बदलून मोठी डाउनपाइप घालायची आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवायचा. बूस्ट ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की मूळ ईसीयू पेट्रोल तोडतो, त्याची तोड आधी काढावी लागते. एवढ्यावर चाकांपाशी चारशेच्या आसपास अश्वशक्ती मिळते. पुढे जाऊ म्हटलं तर जपानी गाडीतल्या टर्बोची सिरॅमिकची चक्रं तुटतात. मूळ रचनेत दोन टर्बो एकामागून एक जागे होतात, कमी फेऱ्यांवरही दम मिळावा म्हणून. ते काढून एकच मोठा टर्बो लावला की वरची ताकद सहा-सातशेवर जाते आणि खाली तो फिरायला लागेपर्यंत वाट पाहावी लागते. तोवर इंधनपंप अपुरा पडलेला असतो, क्लच घसरत असतो. हजाराकडे जायचं तर घडीव पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड लागतात. ब्लॉक आणि क्रँक मात्र बहुतेक वेळा तेच, टोयोटाने मुळात ओतलेले आणि घडवलेले. दर पायरीवर एक अडसर दूर होतो आणि लगेच पुढचा दिसतो, म्हणून भागांची यादी कधीच दुसऱ्याच्या गाडीवरून उतरवून घेता येत नाही.

भारतात एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. अशा इंजिनाची जागा रेसिंग ट्रॅकवर आहे.

आणि तुमची गाडी ट्रॅकवर जाणारीच असेल तर टर्बोच्या आधी दोन कामं करा. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घ्या, आणि सायलेन्सरच्या नळीत हवा-इंधनाचं प्रमाण सांगणारा वाइडबँड सेन्सर बसवा. पहिले पैसे तिथेच घाला.